डोमेन नावांचे स्थलांतर

डोमेन नावांचे स्थलांतर : इंटरनेटवरील एखाद्या नावाची नोंदणी तिच्या धारकाच्या इच्छेने एका रजिस्ट्रारकडून दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेण्याची नियमबद्ध प्रक्रिया. या प्रक्रियेत नावाचा धारक बदलत नाही. त्याच्या वतीने नोंद सांभाळणारा मध्यस्थ तेवढा बदलतो. धारक बदलणे ही वेगळी क्रिया असून तिला हस्तांतरण म्हणणे सोयीचे ठरते. व्यवहारात या दोन्ही क्रिया पुष्कळदा एकापाठोपाठ होतात, आणि या विषयातील बहुतेक वाद त्यांतूनच उद्‌भवले आहेत.

स्थलांतराचे नियम समजण्यासाठी नोंदणीव्यवस्थेतील तीन घटकांची ओळख आवश्यक आहे. ‘.कॉम’, ‘.ऑर्ग’ यांसारख्या सर्वोच्च स्तरीय डोमेनाखालील सर्व नावांची मूळ नोंदवही ज्या संस्थेकडे असते, तिला रजिस्ट्री म्हणतात. ग्राहकाकडून शुल्क घेऊन त्याच्यासाठी या नोंदवहीत नोंद करणारी अधिकृत संस्था म्हणजे रजिस्ट्रार होय. ज्याच्या नावे नोंद असते, तो नोंदणीधारक. एका सर्वोच्च स्तरासाठी रजिस्ट्री एकच असते, रजिस्ट्रार मात्र शेकड्यांनी असू शकतात. रजिस्ट्रारांच्या हाताखाली पुन्हा किरकोळ विक्रेते काम करतात व अनेकदा धारकाचा प्रत्यक्ष संबंध केवळ त्यांच्याशीच येतो. धारकाला मिळणारा हक्क कायमचा नसून ठरावीक मुदतीचा असतो. बहुसंख्य सर्वोच्च स्तरांत ही मुदत एका वेळी कमाल दहा वर्षांची आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : आर्पानेट या जालात प्रारंभी संगणकांची नावे व त्यांचे अंकी पत्ते यांची एकच यादी असे. कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ती ठेवली जाई आणि तेथून इतर संगणक तिची प्रत घेत. संगणकांची संख्या वाढू लागताच ही पद्धत अपुरी पडली. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डोमेन नाव प्रणालीची रूपरेषा मांडली, तीत एका मध्यवर्ती यादीऐवजी नावांची उतरंड कल्पिलेली होती. प्रत्येक पातळीवरील अधिकारी आपल्या खालच्या पातळीचा कारभार दुसऱ्याकडे सोपवू शकेल, हे तिचे मूळ तत्त्व. १९८४ मध्ये जॉन पोस्टेल व जॉइस रेनल्ड्स यांनी सर्वोच्च स्तरांची मांडणी प्रसिद्ध केली. ‘सिंबॉलिक्स.कॉम’ हे ‘.कॉम’खालील पहिले नाव १५ मार्च १९८५ रोजी नोंदले गेले.

या काळात नोंदणी विनाशुल्क होती व नोंदणी करणारी संस्था एकच होती. त्यामुळे स्थलांतराचा प्रश्न उद्‌भवण्याचे कारणच नव्हते. १ जानेवारी १९९३ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाशी झालेल्या सहकार्य-करारान्वये नेटवर्क सोल्यूशन्स या कंपनीकडे हे काम आले. सप्टेंबर १९९५ मध्ये कंपनीला शुल्क आकारण्याची मुभा मिळाली व पहिल्या दोन वर्षांसाठी १०० डॉलर हा दर ठरला. व्यापारी संस्थांचे लक्ष इंटरनेटकडे वळण्याचा हाच काळ असल्याने नोंदणी हा मोठा व एकाधिकारी व्यवसाय बनला. धारकाला दर वा सेवा मान्य नसली, तरी अन्यत्र जाण्याची वाट नव्हती.

हा एकाधिकार मोडण्यासाठी अमेरिकेच्या वाणिज्य विभागाने १९९८ मध्ये धोरणपत्र काढले. त्याच वर्षी सप्टेंबरअखेरीस आयकॅन ही विना-नफा संस्था कॅलिफोर्नियात स्थापन झाली. नेटवर्क सोल्यूशन्सबरोबरचा करार ऑक्टोबर १९९८ मध्ये सुधारून अनेक रजिस्ट्रारांना एकाच नोंदवहीत नोंदी करता येतील, अशी सामायिक नोंदणी-व्यवस्था उभारण्याचे बंधन तिच्यावर घालण्यात आले. एप्रिल १९९९ मध्ये प्रायोगिक टप्प्यासाठी पाच रजिस्ट्रार निवडले गेले. प्रारंभी रजिस्ट्रारांनी रजिस्ट्रीला प्रत्येक नावामागे वर्षाला ९ डॉलर द्यावयाचे होते. नोव्हेंबर १९९९ च्या करारांनी हा दर ६ डॉलरवर आला. रजिस्ट्री व रजिस्ट्रार हा भेद अशा रीतीने प्रत्यक्षात उतरला. नव्या रजिस्ट्राराकडे जाण्याचा मार्ग मोकळा असेल तरच ही स्पर्धा खरी ठरणार होती. म्हणून स्थलांतराचा हक्क हा या सुधारणेचा केवळ एक तपशील नव्हता, तिची कसोटीच त्यावर अवलंबून होती.

बनावट पत्राचे प्रकरण : नोंद बदलण्याचे नियम सैल असले, तर काय घडते याचे उदाहरण स्पर्धेच्या आधीच घडून गेले होते. गॅरी क्रेमन या अमेरिकन उद्योजकाने १९९४ मध्ये ‘सेक्स.कॉम’ हे नाव नोंदले होते. ऑक्टोबर १९९५ मध्ये स्टीफन कोहेन याने क्रेमनच्या व्यवसायाच्या नावाने एक बनावट पत्र तयार करून नोंदणी-संस्थेकडे दिले. हे नाव आपल्याला देण्यात आल्याचे त्यात भासविले होते. आमच्याकडे इंटरनेटची थेट जोडणी नसल्याने पत्राद्वारे कळवीत आहोत, असा खुलासाही त्या पत्रात होता. ज्या व्यवसायाच्या नावावर इंटरनेटवरील नाव होते, त्याच्याकडे इंटरनेट नाही ही विसंगती नोंदणी-संस्थेच्या लक्षात आली नाही. मूळ धारकाकडे चौकशी न करता नोंद बदलण्यात आली.

नाव परत मिळविण्यास क्रेमनला पाच वर्षे लागली. नोव्हेंबर २००० मध्ये न्यायालयाने ते त्याला परत देण्याचा आदेश दिला व पुढील वर्षी कोहेनविरुद्ध ६.५ कोटी डॉलरांचा निवाडा झाला. परंतु कोहेन देशाबाहेर निघून गेल्याने त्याची वसुली दुष्कर ठरली. नोंदणी-संस्थेविरुद्धच्या दाव्यात २००३ मध्ये अमेरिकेच्या नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने महत्त्वाचा निर्णय दिला. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार डोमेन नाव ही मालमत्ता आहे, ते मूर्त वस्तू नसले तरी त्याचा अपहार होऊ शकतो व ते दुसऱ्याच्या स्वाधीन करणाऱ्यावर त्याचे दायित्व येऊ शकते, असे न्यायालयाने म्हटले. सर्व देशांच्या न्यायालयांनी हे मत स्वीकारले आहे असे नाही; धारकाचा हक्क हा केवळ सेवाकरारातून मिळणारा हक्क आहे, असाही पक्ष मांडला जातो. तथापि नोंद बदलणारी संस्था निव्वळ लेखनिकाची भूमिका घेऊन मोकळी होऊ शकत नाही, हे या निर्णयामुळे अधोरेखित झाले.

महाराष्ट्रातील जमिनीच्या नोंदीशी तुलना केल्यास हा मुद्दा स्पष्ट होतो. सात-बारा उताऱ्यावरील नाव बदलावयाचे, तर फेरफार नोंद करून हितसंबंधितांना नोटीस दिली जाते व हरकतीसाठी मुदत ठेवली जाते. नोटीस नीट पोहोचली नाही, तर खरा खातेदार उघडा पडतो. उलट प्रत्येक हरकतीपाशी फेरफार अडून राहिला, तर रीतसर व्यवहार खोळंबतो. डोमेन नावांच्या नियमांचा पुढील सर्व इतिहास हा तोल साधण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे. फरक एवढाच, की जमीन जागच्या जागी राहते, नावाची नोंद मात्र काही तासांत दुसऱ्या खंडातील संस्थेकडे जाऊ शकते.

२००४ चे धोरण : स्पर्धा सुरू झाल्यावर लवकरच दोन प्रकारच्या तक्रारी पुढे आल्या. ग्राहक गमवावयास नाखूष असलेले काही रजिस्ट्रार, धारकाने आपल्याला पुन्हा स्वतंत्रपणे होकार कळविला नाही या सबबीवर स्थलांतर नाकारीत. त्यांचे चौकशीपत्र धारकाच्या नजरेतून निसटले, तरी त्याचा अर्थ नकार असा लावला जाई. दुसरीकडे काही विक्रेते मुदतवाढीच्या सूचनेसारखी दिसणारी पत्रे धाडून, शुल्क भरणाऱ्या धारकाचे नाव त्याच्या नकळत आपल्याकडे ओढून घेत. अशा एका विक्रेत्याविरुद्ध अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २००३ मध्ये कारवाई केली. पहिल्या प्रकारात जाऊ इच्छिणाऱ्यास अडविले जाई, तर दुसऱ्यात जाऊ न इच्छिणाऱ्यास नेले जाई. एकावरील उपाय दुसऱ्याला पोषक ठरत असल्याने नियम करणे अवघड होते.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी २००१ मध्ये एक कृतिगट नेमण्यात आला. त्याच्या शिफारशी आयकॅनच्या संचालक मंडळाने एप्रिल २००३ मध्ये स्वीकारल्या व त्यांवर आधारलेले आंतर-रजिस्ट्रार स्थलांतर धोरण १२ नोव्हेंबर २००४ पासून अंमलात आले. धारकाची संमती ठराविक नमुन्यात मिळविण्याची जबाबदारी त्याने नव्या रजिस्ट्रारावर टाकली. जुन्या रजिस्ट्राराने पाच दिवसांत सकारण हरकत न घेतल्यास स्थलांतर मान्य झाले असे समजावे, असा नियम झाला. तात्पर्य, मौनाचा अर्थ पूर्वी नकार होता, तो आता होकार झाला.

नकाराची कारणेही धोरणाने मोजून दिली. फसवणुकीचा पुरावा, धारकाच्या ओळखीविषयी वाजवी वाद, आधीच्या मुदतीचे शुल्क थकलेले असणे, धारकाची स्वतःची स्पष्ट हरकत यांसारख्या कारणांस्तव रजिस्ट्रार नकार देऊ शकतो. नोंदणी होऊन किंवा मागील स्थलांतर होऊन ६० दिवस झाले नसतील, तर त्यालाही नकार देण्याची मुभा राहिली. न्यायालयाचा आदेश असल्यास अथवा नावासंबंधी व्यापारचिन्हाचा वाद लवादापुढे प्रलंबित असल्यास स्थलांतर रोखले जाते. उलट, पुढील मुदतीचे शुल्क भरलेले नाही, धारकाने उत्तर दिले नाही, किंवा रजिस्ट्रार व त्याचा विक्रेता यांच्यातील हिशेब राहिला आहे, ही कारणे अग्राह्य ठरविण्यात आली. स्थलांतराबरोबर नोंदणीची मुदत सामान्यतः एका वर्षाने वाढते; मात्र एकूण मुदत दहा वर्षांपलीकडे जात नाही.

कुलूप आणि संकेत : धोरणाला तंत्राची जोड दोन साधनांनी मिळाली. पहिले साधन म्हणजे नोंदीवरील कुलूप. ते लावलेले असताना रजिस्ट्री स्थलांतराची विनंती आपोआप फेटाळते. कुलूप हे धारकाच्या संरक्षणासाठी असल्याने, त्याने मागणी करताच ते काढण्याची वाजवी सोय असणे बंधनकारक आहे. अन्यथा हेच साधन ग्राहकाला डांबून ठेवण्यास उपयोगी पडले असते. दुसरे साधन म्हणजे प्रत्येक नावासाठी असणारा गुप्त संकेत. व्यवहारात त्याला ऑथ कोड म्हणतात. २००४ मध्ये प्रमाणित झालेल्या ‘ईपीपी’ या संदेशन-नियमावलीत त्याची तरतूद आहे. धारक हा संकेत जुन्या रजिस्ट्राराकडून मिळवितो व नव्याकडे देतो. नवा रजिस्ट्रार तो रजिस्ट्रीपुढे मांडतो आणि तो जुळला, तरच विनंती दाखल होते. धारकाने मागितल्यापासून पाच दिवसांत संकेत देणे किंवा तो स्वतः पाहण्याची सोय करून देणे रजिस्ट्रारावर बंधनकारक आहे.

सर्व देशांनी मात्र हीच पद्धत पत्करली असे नाही. वरील पद्धतीत नवा रजिस्ट्रार नाव आपल्याकडे ओढून घेतो. ब्रिटनच्या ‘.यूके’ या स्तरात दीर्घ काळ याच्या उलट रीत होती : प्रत्येक रजिस्ट्राराला एक खूणनाम असे व जुना रजिस्ट्रारच नोंदीवर नव्याचे खूणनाम घालून नाव त्याच्याकडे ढकलून देई. या रीतीत चोरीची शक्यता कमी, परंतु जुन्या रजिस्ट्राराच्या सद्‌भावावर धारकाचे अवलंबन अधिक, असा फरक दिसतो.

पॅनिक्स प्रकरण व त्यानंतर : नवे धोरण लागू होऊन दोन महिने होतात न होतात, तोच त्याची उणी बाजू उघड झाली. पॅनिक्स ही १९८९ मध्ये स्थापन झालेली न्यूयॉर्कची इंटरनेट सेवा-संस्था. जानेवारी २००५ च्या मध्यास, शनिवार-रविवार गाठून, ‘पॅनिक्स.कॉम’ हे तिचे नाव तिला नकळत ऑस्ट्रेलियातील एका रजिस्ट्राराकडे नेण्यात आले. नावाची दिशा बदलल्याने संस्थेच्या ग्राहकांची टपाले भलतीकडे जाऊ लागली. नव्या रजिस्ट्राराच्या हाताखालील एका विक्रेत्याने धारकाची संमती पडताळलीच नव्हती. सुटीच्या दिवशी दाद मागावी कोठे, हा प्रश्नही तितकाच गंभीर ठरला. ऑस्ट्रेलियात सोमवारची सकाळ उजाडून कार्यालय उघडल्यावरच नाव पूर्ववत करता आले. आयकॅनच्या सुरक्षाविषयक सल्लागार समितीने जुलै २००५ मध्ये नावांच्या अपहरणासंबंधी अहवाल सादर करून कुलूप, गुप्त संकेत व तातडीचा संपर्क यांवर भर दिला. तथापि तातडीच्या संपर्काचा नियम प्रत्यक्षात येण्यास बराच अवधी लागला. जून २०१२ पासून प्रत्येक रजिस्ट्राराने केवळ इतर रजिस्ट्रार, रजिस्ट्री व आयकॅन यांच्यासाठी असा एक संपर्क ठेवणे व त्यावर आलेल्या तक्रारीस चार तासांत मनुष्याकरवी उत्तर देणे आवश्यक ठरले.

रजिस्ट्रारच बुडाला तर काय, हा निराळा प्रश्न २००७ मध्ये उपस्थित झाला. रजिस्टरफ्लाय या अमेरिकन रजिस्ट्राराचा कारभार कोलमडून असंख्य धारकांना आपल्या नावांचे संकेत मिळेनात व मुदतवाढही करता येईना. आयकॅनने त्याची मान्यता काढून घेतली व अखेरीस लाखो नावे एकगठ्ठा दुसऱ्या रजिस्ट्राराकडे सोपविण्यात आली. या घटनेनंतर रजिस्ट्रारांनी आपल्या नोंदींची प्रत त्रयस्थाकडे ठेवण्याच्या नियमाची अंमलबजावणी कडक झाली, कारण मूळ कागदच हाती नसेल तर धारक कोण हे सिद्ध करणे अशक्य होते.

१ डिसेंबर २०१६ पासून धोरणात धारक-बदलाचाही समावेश झाला. धारकाचे नाव, संस्था वा ई-मेल पत्ता यांत महत्त्वाचा बदल करावयाचा असल्यास जुना व नवा अशा दोन्ही धारकांची संमती आवश्यक ठरली व त्यानंतर ६० दिवस रजिस्ट्रार बदलण्यास प्रतिबंध आला. हा प्रतिबंध आधीच नाकारण्याची सवलत धारकाला देणे रजिस्ट्राराच्या इच्छेवर ठेवलेले आहे. चोराने प्रथम धारकाचा पत्ता बदलावा व लगेच नाव दूर न्यावे, या नेहमीच्या क्लृप्तीस आळा घालणे हा यामागील हेतू. परंतु पत्त्यातील साधी दुरुस्ती करणारे प्रामाणिक धारकही त्यात अडकले, अशा तक्रारी झाल्या.

युरोपीय संघाचा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू झाला, तेव्हा या रचनेचा एक आधारच निखळला. धारकांचे पत्ते आजवर सर्वांना खुले असत व नवा रजिस्ट्रार त्यांवरूनच संमती मिळवी. ते झाकले गेल्यावर, पत्ता उपलब्ध नसेल तेथे नमुन्यातील संमतीची अट शिथिल करावी लागली व गुप्त संकेतावरच मुख्य भिस्त आली. त्यामुळे २०२१ मध्ये संपूर्ण धोरणाचे पुनर्विलोकन हाती घेण्यात आले. २०२५ च्या प्रारंभी सादर झालेल्या अंतिम अहवालात संकेत मागणीनंतरच निर्माण करावा, त्याला १४ दिवसांची मुदत असावी आणि नवी नोंदणी व स्थलांतर यांनंतरचा प्रतिबंध सर्वत्र सारखा ३० दिवसांचा असावा, अशा शिफारशी आहेत.

भारतातील स्थिती : ‘.इन’ हा भारताचा सर्वोच्च स्तर १९८९ मध्ये देण्यात आला व त्याचा कारभार मुंबईतील जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रविद्या केंद्राकडे होता. या काळात नोंदणीवर बरेच निर्बंध होते व रजिस्ट्रारांमध्ये निवड करण्याचा प्रश्न नव्हता. २००३ मध्ये स्थापन झालेल्या निक्सी या विना-नफा संस्थेकडे रजिस्ट्रीचे काम सोपवून जानेवारी २००५ पासून नोंदणी मान्यताप्राप्त रजिस्ट्रारांमार्फत खुली करण्यात आली, तेव्हाच भारतीय धारकाला स्थलांतराचा मार्ग लाभला. देशांच्या स्तरांना आयकॅनचे स्थलांतर धोरण थेट लागू नसते. त्यांचे नियम त्या त्या देशाची रजिस्ट्री ठरविते. ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरीतील ‘.भारत’ हा स्तर सुरू झाल्याने मराठी, हिंदी, कोकणी इ. भाषांतील नावे त्यांच्या लिपीत नोंदविणे शक्य झाले.

धारकाच्या दृष्टीने या इतिहासाचे सार थोडक्यात सांगता येते. नोंद स्वतःच्या वा संस्थेच्या नावे आहे, विक्रेत्याच्या वा संकेतस्थळ बांधून देणाऱ्याच्या नावे नाही, याची खात्री करून घ्यावी. कारण संकेत मागण्याचा अधिकार नोंदीतील व्यक्तीलाच असतो. नोंदीतील ई-मेल पत्ता चालू व शक्यतो त्याच डोमेन नावावर अवलंबून नसलेला असावा. अन्यथा नाव हरवताच ते परत मागण्याचे साधनही हरवते. नाव मुदत संपण्याच्या बरेच आधी हलवावे : मुदतीनंतर सवलतीचा काही काळ मिळतो, परंतु नोंद रद्द होऊन ३० दिवसांच्या पुनःप्राप्ती-काळात गेल्यावर, ती आधी शुल्क भरून सोडविल्याशिवाय स्थलांतर होत नाही. तसेच नाव हलविल्याने त्याबरोबर संकेतस्थळ व टपाल ही आपोआप हलत नाहीत. त्यांची व्यवस्था जुन्या रजिस्ट्राराकडेच असेल, तर ती स्वतंत्रपणे आधी लावावी लागते.

जाण्याची मोकळीक व नाव सुरक्षित राहण्याची हमी या दोन्ही गोष्टी धारकाच्याच हिताच्या आहेत, पण एक वाढविताना दुसरी काही अंशी घटते. १९९९ मध्ये पहिलीसाठी दार उघडले गेले व त्यानंतरची सु. २५ वर्षे दुसरीसाठी त्या दाराला कड्या बसविण्यात गेली. शाळा, वृत्तपत्रे, सहकारी संस्था व लहान व्यावसायिक यांची ओळख ज्या एका ओळीच्या नोंदीवर आज अवलंबून आहे, तिच्या किल्ल्या धारकाच्या हाती राहाव्यात एवढेच या नियमांचे प्रयोजन होय.